स्फुरण आणि प्रामाण्य

एखादा प्रश्न मनुष्य दिवसचे दिवस मनात घोळवीत असतो. सर्व बाजूंनी विचार करूनही उत्तर हाती लागत नाही. शेवटी कंटाळून तो प्रश्न बाजूला ठेवतो, दुसऱ्या कामाला लागतो आणि विहिरीवर पाणी शेंदताना किंवा वाटेने चालताना अकस्मात उत्तर त्याच्यापुढे उभे राहते. ते कोणत्या पायऱ्यांनी आले हे त्याला सांगता येत नाही, परंतु ते खरे आहे याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संशय नसतो. या अनुभवाला आपण स्फुरण म्हणतो. कोणी त्याला प्रतिभा म्हणतात, तर आधुनिक मानसशास्त्रज्ञ अंतर्दृष्टी म्हणतात. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो एवढाच की, अशा स्फुरणाबरोबर जी निश्चिती येते ती त्या ज्ञानाच्या खरेपणाचा पुरावा मानावी की मानू नये? प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या वादातला वाटेल. परंतु आपल्या हातून दुसऱ्याला न्याय घडतो की अन्याय, हे पुष्कळदा याच्याच उत्तरावर अवलंबून असते. म्हणून जिज्ञासू वाचकांनी थोडे सावकाशीने यात लक्ष घालावे.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्षी म्हणतो, तर्क पायरी पायरीने चढतो आणि प्रत्येक पायरीवर घसरण्याचा संभव असतो. स्फुरण मात्र एकदम समग्र वस्तू दाखविते. दिवा लागल्यावर घट दिसला की दिवा दाखवावयास दुसरा दिवा लागत नाही, तसे स्फुरण स्वतःच स्वतःचा साक्षी आहे. शिवाय मोठमोठे शोध स्फुरणानेच लागले आहेत. मग सामान्य बुद्धीने त्याची परीक्षा करावी हे उलटेच नव्हे काय?

या पक्षाला बळ देणारी उदाहरणे खरोखरच आहेत. आंरी प्वँकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ साली आपला अनुभव लिहून ठेवला. विशिष्ट प्रकारच्या गणिती फलांचा तो अभ्यास करीत होता. मध्येच एका भूशास्त्रीय सफरीला जावे लागले आणि प्रवासात गणित विसरले गेले. कूतांस या गावी घोड्यांच्या गाडीत चढण्यासाठी पायरीवर पाय ठेवला, त्याच क्षणी त्याला कळले की आपण वापरलेली रूपांतरे आणि अयुक्लिडीय भूमितीतील रूपांतरे एकच आहेत. त्याने पडताळा पाहिला नाही, कारण तेवढी सवडच नव्हती. तो गाडीत बसला आणि चाललेले संभाषण पुढे चालू ठेवले, पण मनाची खात्री पूर्ण होती.

दुसरे उदाहरण मनुष्येतर प्राण्याचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर १९१३ साली तेनेरीफ बेटावर गेला आणि तेथे त्याने चिंपांझींचे निरीक्षण केले. त्यांतील सुलतान नावाच्या वानराला पिंजऱ्याबाहेर ठेवलेले केळे हवे होते. हाताशी दोन पोकळ काठ्या होत्या, परंतु एकही केळ्यापर्यंत पोहोचत नव्हती. तासभर खटपट करून त्याने नाद सोडला. मग काठ्यांशी सहज खेळताना त्या एका रेषेत आल्या. त्याबरोबर त्याने बारीक काठी जाड काठीच्या तोंडात बसविली, गजांकडे धावत गेला आणि केळे ओढून घेतले. त्यास कोणी शिकविले नव्हते. कोहलरने १९१७ साली आपल्या ग्रंथात यास अंतर्दृष्टीचे उदाहरण म्हणून मांडले.

आपल्याकडील दशमाचा दृष्टान्त वाचकांना ठाऊकच आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. प्रत्येकाने मोजले तो नऊच भरले, कारण मोजणारा स्वतःला मोजावयास विसरत होता. दहावा बुडाला म्हणून सारे रडू लागले. वाटसरूने सांगितले, अरे, दहावा तूच. येथे नवी वस्तू कोणतीच आली नाही. नदी तीच, माणसे तीच, फक्त पाहण्याची मांडणी बदलली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही आपली म्हण याच अवस्थेची आहे. स्फुरणाचे मर्म हेच की, त्यात पुष्कळदा वस्तू नवी मिळत नाही, तर असलेल्या वस्तूंचा संबंध नव्याने दिसतो.

आता हे स्फुरण कोठून येते ते पाहू, म्हणजे त्याच्या अधिकाराची मर्यादाही कळेल. ते आकाशातून पडते असे दिसते, परंतु तसे नाही. १९४५ साली हर्बर्ट बर्च याने काठ्यांचा परिचय नसलेले तरुण चिंपांझी घेऊन काठीने अन्न ओढण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. बहुतेकांना तो सुटला नाही. पुढे त्यांना तीन दिवस काठ्यांशी खेळू दिले, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न सहज सोडविला. म्हणजे सुलतानचे स्फुरण शून्यातून आले नव्हते, हाताला झालेल्या परिचयातून आले होते. प्वँकारेनेही स्पष्ट सांगितले आहे की, आधीचे जाणीवपूर्वक श्रम नसतील तर असे प्रकाश पडत नाहीत. ग्रॅहम वॉलस याने १९२६ साली या क्रमाच्या चार अवस्था सांगितल्या. तयारी, परिपाक, प्रकाश आणि पडताळा. यांतील तिसरी अवस्था आपणांस मोहून टाकते आणि पहिली व चौथी आपण विसरतो.

परिपाकाच्या काळात काय घडते? प्रश्न बाजूला ठेवल्याने तो सुटण्यास मदत होते, असा अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. याचे एक कारण असे दिसते की, मन चुकीच्या मांडणीला चिकटलेले असते आणि विसाव्याने ती चिकटी सुटते. कार्ल डुंकर याच्या १९३५ सालच्या ग्रंथात हे उत्तम दाखविले आहे. माणसांना मेणबत्ती, आगपेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी देऊन मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवावयास सांगितले. उपाय असा की, डबी रिकामी करून ती टाचण्यांनी भिंतीस ठोकावी व तिच्यावर मेणबत्ती ठेवावी. डबी भरलेली असताना पुष्कळांना हे सुचले नाही, रिकामी डबी दिली तेव्हा सहज सुचले. डबी म्हणजे टाचण्या ठेवण्याचे पात्र, ही ओळखच आड येत होती. ज्ञानाने मदत करावी तेथे ज्ञानच आवरण होऊन बसले.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, स्फुरण ज्याला होते त्यालाही त्याचे कारण ठाऊक नसते. नॉर्मन मायर याच्या १९३१ सालच्या प्रयोगात छतापासून दोन दोऱ्या टांगलेल्या होत्या. एक धरली की दुसरी हाताला येत नसे. उपाय असा की, एकीला पक्कड बांधून तिला झोका द्यावा. ज्यांना सुचत नव्हते त्यांच्यासमोर मायर सहज चालता चालता दोरीला धक्का लावून ती हलती करी. थोड्याच वेळात पुष्कळांना उत्तर सुचले. विचारल्यावर मात्र बहुतेकांनी आपल्याला कसली सूचना मिळाली हे सांगितले नाही. आपल्याआपणच सुचले, असेच त्यांना वाटत होते. यावरून असे ठरते की, स्फुरणाच्या उगमाविषयी स्फुरण झालेल्या माणसाची साक्ष पुरेशी नाही.

येथे एक गोष्ट आपल्या वाङ्मयाशी निगडित आहे म्हणून सांगतो. दृष्टान्तपाठात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी रचना आहे. कोणी विचारील, दृष्टान्त सांगितला की अर्थ कळलाच, मग दार्ष्टान्तिक वेगळे कशाला? याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. डुंकरचा एक प्रश्न असा होता : पोटात गाठ आहे, तीव्र किरणांनी ती नष्ट होईल पण वाटेतील निरोगी भागही नष्ट होईल, सौम्य किरणांनी गाठीला काही होणार नाही, तर काय करावे? उपाय असा की, निरनिराळ्या दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणावेत. १९८० च्या सुमारास मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी काही लोकांना आधी एक गोष्ट वाचावयास दिली. किल्ल्यावर चालून जाणारा सेनापती एकाच रस्त्याने सर्व सैन्य नेऊ शकत नाही, म्हणून तुकड्या करून सर्व रस्त्यांनी एकाच वेळी पाठवितो. गोष्ट न वाचलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना गाठीचा उपाय सुचला. गोष्ट वाचूनही तिचा उपयोग करा असे न सांगितलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांना सुचला. उपयोग करा असे सांगितल्यावर मात्र हे प्रमाण पाऊणशेच्या आसपास गेले. दृष्टान्त जवळ असूनही तो आपोआप लागू पडत नाही, कोणी तरी बोट दाखवावे लागते. दार्ष्टान्तिकाची योजना करणाऱ्यांनी मनुष्याच्या बुद्धीचा हा स्वभाव किती नेमका ओळखला होता, हे यावरून ध्यानात येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्फुरणाची निश्चिती विश्वासार्ह आहे काय? न्यायाने सांगावयाचे तर तिच्या बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. कोडी सोडविण्याच्या निरनिराळ्या प्रयोगांत, एकदम सुचलेली उत्तरे पायरी पायरीने काढलेल्या उत्तरांपेक्षा अधिक वेळा बरोबर आली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. २००४ साली मेंदूतील विद्युत्स्पंदने मोजून असेही दिसले की, उत्तर सुचण्याच्या क्षणी उजव्या कानशिलाकडील भागात वेगवान स्पंदनांचा एक उद्रेक होतो. म्हणजे स्फुरण ही केवळ बोलण्याची रीत नाही, ती वेगळी घटना आहे. तेव्हा स्फुरणास तुच्छ लेखणे हेही अज्ञानच होय.

परंतु दुसरी बाजू तितकीच प्रबळ आहे. २०२० सालच्या एका प्रयोगात लोकांना काही विधाने दिली आणि त्यांतील एका शब्दाची अक्षरे उलटसुलट केली. अक्षरे जुळवून शब्द ओळखल्याचा आनंद ज्यांना झाला, त्यांना ते विधानच अधिक खरे वाटले. अक्षरे जुळणे आणि विधान खरे असणे यांचा काय संबंध? काहीच नाही. परंतु उलगड्याचा जो उजेड एका ठिकाणी पडला तो शेजारच्या वस्तूवर सांडला. प्वँकारेनेही हेच कबूल केले आहे की, निश्चितीची भावना कधी कधी फसविते आणि फसविताना ती किंचितही मंद झालेली नसते. पहाटे किंवा रात्री अंथरुणात अर्धवट झोपेत सुचलेल्या कल्पनांविषयी त्याला हा अनुभव विशेष आला.

श्रीनिवास रामानुजन् यांचे उदाहरण याहून बोलके आहे. नामगिरी देवीच्या कृपेने आपल्याला सूत्रे स्फुरतात असे ते म्हणत. १९१३ साली त्यांनी हार्डी यांना पाठविलेली सूत्रे पाहून तो विख्यात गणितज्ञ थक्क झाला. त्यांतील पुष्कळ सूत्रे पुढे सिद्ध झाली. परंतु मूळसंख्या कशा विखुरलेल्या असतात याविषयीचे रामानुजन् यांचे काही निष्कर्ष चुकीचे ठरले. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, खरी सूत्रे आणि चुकीची सूत्रे एकाच मनात, सारख्याच विश्वासाने आली होती. आतून पाहता दोहोंत भेद नव्हता, सिद्धता मागितल्यावरच भेद कळला. एवढ्या अलौकिक प्रतिभेची ही कथा, तर आपली काय सांगावी! बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याचा? मनात झटकन दहा रुपये येते. खरे उत्तर पाच रुपये आहे.

या ठिकाणी आपल्या दर्शनकारांचा जुना वाद उपयोगी पडतो. ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाबरोबरच कळते, असे मीमांसक म्हणतात. हे स्वतःप्रामाण्य होय. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून कळते. पाणी दिसले, त्याप्रमाणे गेलो आणि तहान भागली, तर दिसणे खरे होते. मृगजळही दिसताना पाणीच असते. वैशेषिकांच्या परंपरेत प्रशस्तपादांनी एका मुलीचे उदाहरण दिले आहे. उद्या माझा भाऊ येईल असे माझे हृदय सांगते, असे ती म्हणते. असे ज्ञान बहुधा ऋषींचे, पण कधी कधी सामान्य माणसालाही होते, एवढे त्यांनी मान्य केले. परंतु मुलीचे हृदय खरे बोलले की नाही हे कशाने ठरावयाचे? भाऊ येण्यानेच. स्फुरणाच्या बाबतीत तरी आम्हांस नैयायिकांचा पक्ष ग्राह्य वाटतो. निश्चिती हा ज्ञानाचा रंग आहे, ज्ञानाचा पुरावा नव्हे.

येथे शंका येईल की, प्रत्येक गोष्ट पडताळून पाहू म्हटले तर व्यवहारच थांबेल. वैद्य, नावाडी, आग विझविणारा, यांना क्षणात निर्णय घ्यावा लागतो. याचे समाधान असे. गॅरी क्लाइन या संशोधकाने अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याची हकीकत नोंदविली आहे. घरात आग लागली होती आणि ती पाण्याने विझेना. अधिकाऱ्याला काही तरी विपरीत वाटले व त्याने सर्वांना एकदम बाहेर काढले. थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन कोसळली, कारण आग खाली तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे असेच तो समजत होता. परंतु खोली अपेक्षेहून तप्त होती आणि आगीचा आवाज अपेक्षेहून कमी होता, एवढे त्याच्या मुरलेल्या अनुभवाने टिपले होते. बुद्धिबळाचे निष्णात खेळाडू पटावर एक नजर टाकून सोंगट्यांची मांडणी लक्षात ठेवतात, पण सोंगट्या वेड्यावाकड्या मांडल्या तर ते जवळजवळ नवशिक्यासारखेच होतात, हे १९७३ साली चेस आणि सायमन यांनी दाखविले. म्हणजे त्यांची झटपट दृष्टी ही पूर्वी पाहिलेल्याची ओळख आहे. अशा ओळखीवर भिस्त केव्हा ठेवावी? डॅनिएल कानेमान आणि क्लाइन यांनी २००९ साली दोन अटी सांगितल्या. विषयात नियमितपणा असला पाहिजे आणि आपल्या चुका आपल्याला कळून दीर्घकाळ शिकावयास मिळाले पाहिजे. नैयायिकांनी अभ्यासदशा आणि अनभ्यासदशा असा भेद केला तो याच्या अगदी जवळ जातो. परिचित क्षेत्रात, पूर्वी फलद्रूप झालेल्या ज्ञानाच्याच जातीचे हे ज्ञान आहे एवढे ओळखून पुढे जाता येते. अपरिचित क्षेत्रात मात्र फळ पाहिल्याशिवाय प्रामाण्य ठरत नाही.

मग सर्वांत धोक्याचे क्षेत्र कोणते? दुसऱ्याच्या अंतःकरणाविषयीचे. तेथे नियमितपणा थोडा, आणि आपली चूक आपल्याला कळविणारा कोणी नसतो. ज्याच्याविषयी आपण चुकलो तो बहुधा गप्प राहतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. फार वर्षांपूर्वी मी शिक्षक असताना सहलीसाठी जमविलेल्या पैशांत काही रुपये कमी भरले. मी विचार करीत बसलो आणि एकाएकी सर्व जुळले. मधल्या सुट्टीत एक मुलगा टेबलाजवळ उभा होता, मी येताच चपापला होता, आणि त्याच्या घरी अडचण होती. भूमितीचा रायडर सुटताना जो उजेड पडतो, तोच उजेड त्या क्षणी पडला. मी त्याला वर्गासमोर उभे करून विचारले. तो काही बोलला नाही आणि त्याचे न बोलणेही मला कबुलीसारखेच वाटले. चार दिवसांनी हजेरीपटाच्या वेष्टनात अडकलेले पैसे माझ्याच हाताला लागले. मी त्याच वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "असू द्या, गुरुजी." परंतु एरवी प्रत्येक प्रश्नाला हात वर करणाऱ्या त्या मुलाने त्या वर्षी पुन्हा हात वर केला नाही. चपापण्याचे कारण मला पुढे कळले. टेबलावरील नकाशा तो न विचारता पाहत होता.

या प्रसंगात माझा दोष स्फुरण झाले हा नव्हे. मनात काय यावे हे कोणाच्याच हाती नाही. दोष हा की, तुकडे जुळले याचा आनंद मी सत्य सापडल्याचा आनंद समजलो. गणितात चुकीच्या स्फुरणाची किंमत आपण स्वतः देतो, पाटी पुसली की काम भागते. माणसाविषयीच्या चुकीच्या स्फुरणाची किंमत दुसरा देतो. म्हणून जेथे किंमत दुसऱ्याने द्यावयाची असेल, तेथे पडताळा पाहणे हा बुद्धीचा सोस नव्हे, तो धर्म आहे. वाटसरूने दहावा तूच म्हटल्यावर त्या भोळ्या माणसांनी निदान पुन्हा एकदा मोजून दहा भरले की नाही ते पाहिले असेल. मी तर हजेरीपट उघडूनही पाहिला नव्हता.

तात्पर्य, स्फुरणाला नाकारू नये आणि त्याला सिंहासनावरही बसवू नये. त्याला साक्षीदार म्हणून बोलवावे, न्यायाधीश म्हणून नव्हे. श्रमाने त्याची तयारी करावी, विसाव्याने त्याला वाट द्यावी, आले म्हणजे त्याचे स्वागत करावे आणि मग त्याला नम्रपणे विचारावे, तुझा पडताळा कोणता? खरे असेल तर त्याला या प्रश्नाचे भय नाही. आणि ज्या वेळी दुसऱ्याविषयी सारे काही अगदी स्वच्छ दिसू लागेल, त्या वेळी विवेकी पुरुषाने बोलण्यापूर्वी आपलाच हजेरीपट एकदा उघडून पाहावा.